दूर देशातील रात्र

वाचकहो, आपल्या ख्रिस्ती घरांतून मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी शिकण्यासाठी परदेशी जाते, तेव्हा मंडळीत प्रार्थना होते, पेढे वाटले जातात आणि आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. तेच मूल चित्रकला, संगीत अथवा नाट्य शिकण्यासाठी दिल्लीला किंवा त्याहून दूर जाते म्हटले, की घरात एक वेगळीच शांतता पसरते. शुल्काची चिंता असतेच, पण खरी चिंता निराळी असते व ती सहसा मोठ्याने बोलून दाखवली जात नाही. दिवसा तो चित्रे काढील, हे ठीक. पण रात्री काय करील? कोणाबरोबर असेल? आपल्याला न दिसणाऱ्या त्या दूरच्या शहरात तो कोण होऊन बसेल?

ही चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यामागे एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे. जिथे आपल्याला ओळखणारे कोणी नाही, तिथे आपण कोणाला बांधलेले असतो? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. कलावंताला या बाबतीत इतरांपेक्षा वेगळा न्याय लावावा काय? या दोन प्रश्नांचा विचार हवेत करण्यापेक्षा काही खऱ्या आयुष्यांच्या आधाराने करणे बरे.

नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस नावाची वास्तू आहे. एकेकाळी ती जयपूरच्या महाराजांचे निवासस्थान होती. १९५४ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. अमृता शेरगिल हिच्या चित्रांचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह याच वास्तूत पाहायला मिळतो. अमृताचा जन्म १९१३ साली बुडापेस्टमध्ये झाला. आई हंगेरियन, वडील पंजाबमधील शीख सरदार. १९२९ साली, सोळाव्या वर्षी, ती चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेली आणि १९३४ च्या अखेरपर्यंत तेथे राहिली. लूसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली तिचे शिक्षण झाले. ‘यंग गर्ल्स’ या १९३२ सालच्या चित्राबद्दल १९३३ मध्ये तिला तेथील प्रतिष्ठेच्या वार्षिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती.

तिच्या पॅरिसमधील वास्तव्याविषयी लिहिणारे बहुतेक जण तिची मित्रमंडळी, मेजवान्या, उपाहारगृहांतील गप्पा, प्रेमप्रकरणे आणि जागरणे यांवर भर देतात. त्यांत खोटे असे फारसे नाही. अमृताने स्वतःही ते जीवन लपवले नाही. पण त्याच काळात, १९३३ साली, तिने एका व्यावसायिक मॉडेलचे चित्र काढले. कलाशाळांतून विद्यार्थ्यांसमोर तासन् तास विवस्त्र बसून पोट भरणारी ही स्त्री. चित्रात तिचे शरीर कृश आहे, थकलेले आहे, आजाराने पोखरल्यासारखे आहे. पॅरिसच्या झगमगाटातून फिरणाऱ्या या वीस वर्षांच्या मुलीने त्या झगमगाटाचे मोल कोण चुकते करीत आहे, हे पाहिले होते. पुढे तिने लिहिले आहे, की १९३३ च्या अखेरीपासून तिला भारतात परतण्याची विलक्षण ओढ लागली होती. ती परतली, आणि पुढच्या सात वर्षांत तिने जे काम केले त्यामुळे १९७६ साली भारत सरकारने तिच्या चित्रांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. लाहोर येथे ५ डिसेंबर १९४१ रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा तिचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

आता तिच्या आयुष्यातील आणखी एक घटना ध्यानात घ्यावी. १९३८ साली ती विवाहासाठी हंगेरीत गेली असता तिला आलेली पत्रे घरच्यांनी जाळून टाकली. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरूंचीही पत्रे होती. हे तिच्या शत्रूंनी केले नाही. तिच्यावर जीव असणाऱ्या, सुशिक्षित, कलाप्रेमी आईवडिलांनी केले. लेकीच्या जीवनात जे काही असेल ते जगासमोर येण्यापेक्षा राख झालेले बरे, असे त्यांना वाटले असावे. ही भीती, वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे.

याच्या शेजारी एका पुरुष चित्रकाराचे आयुष्य ठेवून पाहू. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली गोव्यातील साळगाव येथे एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. लहानपणी देवीच्या आजारातून ते वाचले, म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्यांच्या नावाला जोडले. मुलाने धर्मगुरू व्हावे, अशी तिची इच्छा होती. तो चित्रकार झाला. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. १९४९ साली सूझा लंडनला गेले. पहिली पाच-सहा वर्षे कमालीच्या ओढगस्तीची गेली आणि त्या काळात घर चालले ते मुख्यतः पत्नीच्या कष्टांवर. १९५५ मध्ये गॅलरी वनमधील प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. त्या वर्षांत दारूनेही त्यांचा ताबा घेतला होता. पुढे त्यांनी ती सोडली. पहिला संसार मोडला. १९५९ साली त्यांनी रंगवलेले ‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. आपल्या घरांतील भिंतींवर असते तशी शांत, गोरी, सुरेख ख्रिस्तमूर्ती तिथे नाही. तिथे काळवंडलेले, काट्यांनी भरलेले, यातनेने ताठरलेले शरीर आहे. ते चित्र पाहून आपल्या श्रद्धेला धक्का बसेल, पण वधस्तंभ ही सुरेख वस्तू नव्हती, हेही ते आपल्याला विसरू देत नाही.

सूझांनी आपले बेभान आयुष्य लेखांतून स्वतःच जगापुढे मांडले, आणि जगाने त्याची दंतकथा केली. अमृताची पत्रे मात्र तिच्या हयातीतच जाळली गेली. मुलाची रात्र आणि मुलीची रात्र यांना आपण एकच माप लावीत नाही, एवढे या दोन घटनांवरून दिसते. नैतिकतेचा विचार करू पाहणाऱ्याने प्रथम हा भेद आपल्या मनातून काढावा. जे मुलीसाठी पाप आहे ते मुलासाठी ‘कलंदरपणा’ ठरत असेल, तर आपल्याला पापाची नव्हे, लोकापवादाची भीती वाटते आहे.

बायबल भाषांतराच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून येथे एका शब्दापाशी थोडे थांबण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. दूर देशी गेलेल्या मुलाचा विषय निघाला की आपल्याला लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दाखला आठवतोच. त्या धाकट्या मुलाच्या तेथील वर्तनासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘असोतोस’ असा शब्द आहे. मराठीत आपण उधळपट्टीचा अर्थ घेतो, आणि तो योग्यच आहे. पण शब्दाच्या मुळाशी वाचवणे, राखणे या अर्थाचा धातू आहे व त्याला नकार जोडलेला आहे. ज्याला काही राखता येत नाही, ज्याच्या हातून सगळे निसटते, अशा माणसाचे वागणे त्या शब्दात आहे. तो मुलगा रात्री नेमका कुठे जात होता, हे कथा सांगणारा सांगत नाही. त्याने बापाची मिळकत वेश्यांवर उडवली, हा आरोप त्या अध्यायात ज्याच्या तोंडी येतो, तो थोरला भाऊ आहे. आणि थोरला भाऊ तर त्या देशात कधी गेलाच नव्हता! त्याला हे कोणी सांगितले? कदाचित गावात वार्ता आली असेल. कदाचित शेतात राबताना त्याने आपल्या मनातच भावाच्या त्या सगळ्या रात्री रंगवल्या असतील.

दाखल्याच्या शेवटी काय चित्र आहे, तेही पाहण्यासारखे आहे. घरात वाद्ये वाजत आहेत, नाच चालला आहे, मेजवानी आहे. आणि जो जन्मभर घराबाहेर पडला नाही तो थोरला मुलगा दाराबाहेर उभा आहे. परदेशी न जाताही माणूस घरापासून किती दूर असू शकतो, हे एवढ्याशा प्रसंगात कळते. म्हणून ‘रात्र’ व ‘परदेश’ या गोष्टींना आपण स्वभावतःच पापी मानू नये. निकदेम येशूकडे आला तो रात्रीच. यहूदा त्याच्यापासून उठून गेला तोही रात्रीच. रात्र दोघांना सारखीच मिळाली होती.

कलावंताच्या बाबतीत रात्र पुष्कळदा कामाचीच वेळ असते, हेही विसरता कामा नये. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंडमधील एका पाळकाचा मुलगा. १८७९ साली बेल्जियममधील बोरिनाज या भागात खाणकामगारांमध्ये तो सुवार्तिक म्हणून राहिला. पुढे फ्रान्समध्ये आर्ल या गावी असताना, सप्टेंबर १८८८ मध्ये, रात्रभर उघड्या राहणाऱ्या एका उपाहारगृहात तो लागोपाठ तीन रात्री बसला व दिवसा झोपला. गावातील कोणाही सभ्य माणसाने त्याला तेथे पाहून मान हलवली असती. पण त्या तीन रात्रींत तो ‘द नाइट कॅफे’ हे चित्र रंगवीत होता. दिव्यांचा डोळ्यांत खुपणारा पिवळा उजेड, लालभडक भिंती, आणि टेबलांवर डोकी टेकून बसलेली बेघर माणसे. माणूस स्वतःचा नाश कसा करून घेतो, हे त्याने तेथे बसून पाहिले व तसे भावाला कळवलेही. खाणीतल्या माणसांकडे ज्या करुणेने त्याने पाहिले होते, तीच करुणा त्या चित्रात आहे.

तर मग कलावंताला सर्व क्षम्य आहे, असा निष्कर्ष काढावा काय? नाही. तसे म्हणणाऱ्यांचा आज सुकाळ आहे, आणि त्यांच्या हाती एक नवे प्रमाणपत्रही आले आहे. ते म्हणजे लिलावातील किंमत. अमृताचे १९३७ सालचे ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र २०२३ मध्ये एकसष्ट कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. अशी बातमी वाचली की, ज्या जीवनाला कालपर्यंत नावे ठेवली त्याचेच आपण कौतुक करू लागतो. बाजाराने क्षमा केली की आपणही करतो! परंतु क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याने करायची असते. चित्र विकत घेणाऱ्याला तो अधिकार नाही. लंडनमधील त्या वर्षांत घरभाडे भरण्यासाठी राबणाऱ्या पत्नीचे ऋण कोणत्याही संग्रहालयाला फेडता येत नाही. चित्र थोर आहे, म्हणून जखम लहान होत नाही. आणि जखम खरी आहे, म्हणून चित्र खोटे ठरत नाही. या दोन गोष्टी एकत्र मनात बाळगणे कठीण असते, पण प्रौढ माणसाला ते जमले पाहिजे.

आता मी अशा एका कलावंताकडे येतो, ज्याच्या रात्रींविषयी कोणीही कुजबुजले नाही. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. आईवडील मूळचे गोव्याचे, बालपण गिरगावातील चाळीत गेले. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते बाहेर पडले. १९६४ साली रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे ते चेल्सी हॉटेलात राहिले. लेखक, गायक व चित्रकार यांच्या बेबंद वास्तव्यासाठी त्या हॉटेलाची ख्याती होती. त्याच इमारतीत राहून गायतोंड्यांनी आपला स्वभाव सोडला नाही. थोडे बोलणे, पुष्कळ पाहणे, आणि हात चालवण्याआधी दीर्घकाळ स्वस्थ बसणे. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर लवकरच त्यांनी मुंबई सोडली व दिल्लीत निजामुद्दीन येथे मुक्काम केला. मराठी माणसाला दिल्ली हाही एक परमुलूखच. वर्षाकाठी मोजकीच पाच-सहा चित्रे ते पुरी करीत. १९८४ मधील अपघातानंतर काही वर्षे मोठा कॅनव्हास हाताळणे त्यांना शक्य झाले नाही, तेव्हा लहान कागदांवर शाईने काम केले. १० ऑगस्ट २००१ रोजी दिल्लीलगतच्या गुडगावमध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरवले.

असा कलावंत आपल्याला मनापासून आवडतो. ना दारू, ना दंगा, ना लफडी. अनेकांनी त्यांचा उल्लेख ऋषी म्हणून केला आहे. पण त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. घरच्यांशी असलेले संबंध त्यांनी जवळजवळ तोडून टाकले होते. कारणे काय होती, दोष कोणाचा होता, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. चाळीतल्या त्या घरानेही त्यांना काही दुःखे दिली असतील. मला येथे एवढेच दाखवायचे आहे, की दूर देशाला जाण्याचे रस्ते एकाहून अधिक आहेत. एक रस्ता गोंगाटातून जातो, दुसरा मौनातून. पहिल्यावरून गेलेल्याला आपण उधळ्या म्हणतो, दुसऱ्यावरून गेलेल्याला साधक. पण घरी वाट पाहणाऱ्या माणसाला दोन्हींत सारखेच रिकामे दार दिसते.

म्हणून परदेशी असलेल्या कलावंताला विचारायचा नैतिक प्रश्न ‘काल रात्री कुठे होतास?’ हा नाही. तो प्रश्न पोलिसाला शोभतो. विचारायचे ते असे, की तुझ्या या जीवनाचा खर्च कोण सोसते आहे, हे तुला ठाऊक आहे काय? व्हिन्सेंटला ते ठाऊक होते. धाकटा भाऊ थिओ त्याला नियमाने पैसे पाठवीत असे, आणि व्हिन्सेंट त्याला सतत लिहीत असे. त्या भावाला लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. कोणता रंग वापरला, काय फसले, किती पैसे उरले, कोणाचा चेहरा पाहिला, याचा तो हिशेब आहे. त्याचे जीवन व्यवस्थित नव्हते. पण त्याने आपली रात्र भावापासून लपवली नाही, आणि आपण कोणाच्या भाकरीवर उभे आहोत हे तो विसरला नाही. थिओनेही जाब न मागता चित्रे मागितली. १८९० च्या जुलैत व्हिन्सेंट गेला, आणि सहाच महिन्यांनी थिओ गेला. घरी राहिलेला भाऊ थोरल्या मुलासारखाच वागला पाहिजे असे नाही, हे थिओच्या उदाहरणावरून कळते.

आणि ज्याला जायचे आहे, त्या तरुणालाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाबा रे, जिथे तुला कोणी ओळखत नाही तिथे तू मोकळा होशील, हे खरे. ते मोकळेपण तुला हवेच. त्याशिवाय तुझा डोळा उघडणार नाही. पण त्या शहरातही तुझ्यासमोर बसणारे मॉडेल आहे, तुझ्या खोलीचे भाडे वाटून घेणारा सोबती आहे, तुझ्यावर विश्वास टाकणारी कोणी मुलगी असेल. ती माणसे तुझ्या अनुभवाचे साहित्य नाहीत. सकाळी उठून कामाला बसता येईल, आणि आदल्या रात्री भेटलेल्या माणसाच्या नजरेला नजर देता येईल, एवढे राखता आले तर पुष्कळ राखले. दाखल्यातला मुलगा शुद्धीवर आला असे आपण वाचतो. मुळातील शब्दांचा सरळ अर्थ तो स्वतःपाशी आला असा आहे. बापाकडे जाण्याच्या वाटेला तो त्यानंतर लागला. जो स्वतःपासूनच हरवला आहे, त्याला घरचा रस्ता सापडत नाही, आणि चित्रही सापडत नाही.

वाचकहो, आपल्या मंडळीतील कोणी मुलगा आज दिल्लीच्या एखाद्या वस्तीत भाड्याच्या खोलीत रंग कालवीत बसला असेल. कोणी मुलगी याहून दूरच्या शहरात रात्री नाटकाची तालीम संपवून परतत असेल. त्यांचा फोन येईल तेव्हा आवाजातील संशय आधी ऐकू जातो, मग शब्द. या खेपेस त्यांना विचारून पाहा, की सध्या काय करतो आहेस, काय पाहिलेस, ते मला समजावून सांगशील काय? समजेलच असे नाही. सूझांचा ख्रिस्त पाहून दचकलात तसे कदाचित दचकाल. तरी ऐकून घ्या. आपल्या दाखल्यातील बाप लेक दूर असतानाच त्याला ओळखतो आणि धावत सामोरा जातो. आणि त्याच दिवशी पुन्हा घराबाहेर येऊन तो थोरल्या मुलाचीही विनवणी करतो. थोरला आत गेला की नाही, हे मात्र लूक आपल्याला सांगत नाही.